तीन नंबरची तळटीप, जी नव्हतीच

मी बडोद्यात राहतो आणि टेक्निकल मॅन्युअलचं काम करतो, म्हणजे मकरपुरा जीआयडीसीतल्या कंपन्या मशीन बनवतात आणि त्या मशीनबरोबर जे जाडजूड पुस्तक जातं, जे कोणी वाचत नाही असं सगळे म्हणतात आणि बिघाड झाला की पहिलं तेच शोधतात, ते पुस्तक मी लावून देतो. हे प्रकरण गेल्या पावसाळ्यातलं आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, गरजही नाही, कारण यात कंपनीची चूक थोडी आणि माझी जास्त आहे.

काम असं होतं. एका पंपसेटचं मॅन्युअल, सोबत त्याचं इलेक्ट्रिकल पॅनल, अकरा चॅप्टर, साधारण ३४० पानं, सगळं इंग्रजीत. फाइली वर्डच्या, पण एका वयाच्या नाहीत. नऊ चॅप्टर डॉकएक्समध्ये, बऱ्यापैकी नवे. चौथा म्हणजे इन्स्टॉलेशन आणि सातवा म्हणजे टेस्टिंग, हे दोन मात्र आरटीएफ, कोणीतरी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टाइप केलेले आणि मग दर आवृत्तीला त्याच्यावरच सेव्ह करत आणलेले. कंपनीला आता तीन मॉडेलसाठी एकच मजकूर वापरायचा होता आणि गुजराती-हिंदी भाषांतरही करून घ्यायचं होतं, म्हणून सगळं डिटामध्ये आणायचं ठरलं. डिटा म्हणजे मजकुराचे छोटे छोटे टॉपिक करून एक्सएमएलमध्ये, म्हणजे प्रत्येक तुकड्याला टॅगने नाव देऊन, ठेवायची पद्धत, आयबीएममध्ये जन्मली, २००५ मध्ये ओएसिस या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं स्टँडर्ड झाली. माझं हत्यार फ्रेममेकर, स्ट्रक्चर्ड मोडमध्ये, म्हणजे मजकुराचा असा सांगाडा धरून.

फ्रेममेकर जुनं सॉफ्टवेअर आहे, फ्रेम टेक्नॉलॉजी कंपनी १९८६ मध्ये निघाली, १९९५ मध्ये अडोबीनं ती घेतली, आणि युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला नंबर द्यायची पद्धत, त्यात आला तो थेट २००७ च्या आठव्या व्हर्जनमध्ये. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नव्हती.

वर्डची फाइल स्ट्रक्चरमध्ये आणायची तर त्यात कन्व्हर्जन टेबल नावाचा एक तक्ता लागतो. साधा तीन कॉलमचा तक्ता, डावीकडे लिहायचं काय गुंडाळायचं आणि मधे लिहायचं कुठल्या एलिमेंटमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या डब्यात, गुंडाळायचं. 'पी' कोलन लावून पॅराग्राफ स्टाइलचं नाव, 'सी' कोलन लावून कॅरेक्टर स्टाइलचं, 'एफ' कोलन तळटीपेसाठी, 'जी' कोलन चित्रासाठी. हेडिंग वन असेल तर टायटल कर, नंबरवाली स्टाइल असेल तर स्टेप कर, असं. म्हणजे हा तक्ता नावं वाचतो. स्टाइलला नाव असेल तर त्याला दिसतं. कोणी माउसनं अक्षर सिलेक्ट करून नुसता फॉन्ट बदलला असेल, तर त्याला नाव नाही, म्हणून तक्त्याच्या हिशोबी ते अस्तित्वातच नाही.

पहिला दिवस नेहमीसारखा गेला. इम्पोर्ट केलं की स्ट्रक्चर व्ह्यू लाल होतो, तुटक तुटक लाल रेघा आणि जिथे काही हवंय तिथे लाल चौकोन, जसं स्टेप आहे पण आत कमांड नाही. हे सगळं पाहून नवीन माणूस घाबरतो, आम्ही खुश होतो, कारण जे लाल आहे ते सांगतंय तरी. हाताने टाइप केलेले नंबर होते, त्यामुळे '१. १.' असं दोनदा यायला लागलं, ते काढले. मर्ज केलेल्या सेलची टेबलं मोडली, कॉलमची संख्या जुळेना, ती बसवली. चित्रं लिंक केलेली होती आणि लिंक कोणाच्या तरी डी ड्राइव्हला, तो कॉम्प्युटर बहुतेक भंगारात गेला असेल. या सगळ्यात दीड दिवस गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र त्याच दिवशी दिसली होती आणि तिनेच पुढे घात केला. नव्या डॉकएक्स चॅप्टरमध्ये ओहमच्या चिन्हाच्या जागी रिकामे बॉक्स आले होते. ओहमचं चिन्ह म्हणजे ती खाली तोंड केलेली घोड्याची नाल. २९ बॉक्स. कारण मला माहीत होतं, वर्डमध्ये इन्सर्ट सिम्बॉल करून सिम्बॉल फॉन्टमधलं चिन्ह टाकलं की ते खऱ्या युनिकोडच्या जागी न जाता प्रायव्हेट यूज एरियात, म्हणजे ज्याला जे हवं ते ठेवायच्या मोकळ्या जागेत, जातं, एफ०५७ वगैरे नंबर मिळतो, आणि त्या नंबरला दुसऱ्या कुठल्या फॉन्टमध्ये काहीच नसतं म्हणून बॉक्स. २९ च्या २९ हाताने बदलले, खरं ओहम टाकलं, वहीत टिक केली 'सिम्बॉल झाले'. चार आणि सात नंबरचे चॅप्टर उघडून बघितले, तिथे एकही बॉक्स नाही, सगळी चिन्हं स्क्रीनवर छान दिसतायत. म्हणलं चला, जुनी माणसं नीट काम करायची.

त्या स्थितीत रिव्ह्यूसाठी पीडीएफ काढून दिली आणि कंपनीने बघून ओके दिला. ती पीडीएफ बरोबर होती. हे महत्त्वाचं आहे.

मग पुढची पायरी. ईडीडी म्हणजे एलिमेंटच्या व्याख्यांची फाइल इम्पोर्ट केली, त्या डायलॉगमध्ये 'ओव्हरराइड काढून टाका' असा एक खण असतो त्याला टिक मारली, कारण फाइलीत कोणी कुठे बोल्ड, कुठे दहाचा फॉन्ट, कुठे साडेनऊचा असा नुसता बाजार मांडला होता. मग सगळं एक्सएमएल म्हणून सेव्ह केलं, परत उघडलं, व्हॅलिडेट मारलं, म्हणजे सांगाडा नियमात बसतो का ते तपासलं. शून्य एरर. चौथा चॅप्टर कंपनीकडे घाई होती म्हणून लगेच पाठवून दिला, त्यांनी तो पुढे भाषांतराला धाडला.

आता काका. आमचे काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, दांडिया बाजारात जुन्या घरात राहतात, इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून रिटायर झाले. इलेक्ट्रिकलचं काही असलं की मी प्रूफ त्यांना वाचायला देतो, मोबदला म्हणजे रविवारी सकाळी शेव-उसळ आणि वर त्यांचं ऐकून घेणं. त्यांना स्क्रीनवर वाचवत नाही, प्रिंट लागते, आणि बिनखोडरबराची एक पेन्सिल. सातवा चॅप्टर दिला होता, बावीस पानं.

रविवारी गेलो तर उसळीला हातही लावला नव्हता. पहिलाच प्रश्न, "अरे, तीन नंबरची तळटीप कुठाय?"

म्हणलं कसली तळटीप. त्यांनी पान पुढे केलं, पेन्सिलीनं गोल केलेला. मोटरच्या इन्सुलेशन रेझिस्टन्सची ओळ, त्यात आकड्याच्या आधी वर चढलेला छोटासा ३. तळाशी काहीच नाही. पुढच्या पानावर परत एक ३. त्याच्या पुढे अजून एक. "एक आणि दोन नंबरच्या पण नाहीत, डायरेक्ट तीन, आणि तीनच सगळीकडे. तुम्ही लोक छापता काय?"

तिथेच मला थांबायला हवं होतं आणि विचार करायला हवा होता, पण मी आयतं उत्तर उचललं. वाटलं इम्पोर्टमध्ये तळटीपा गळल्या. आपल्या धंद्यात हे होतं. "काका, तळटीपा उडाल्यात, बघतो मी" म्हणून उसळ खाल्ली आणि घरी येऊन कन्व्हर्जन टेबलमध्ये 'एफ' कोलनची ओळ तपासत बसलो. ओळ होती, बरोबर होती. मूळ आरटीएफ उघडून तळटीपा मोजल्या तर सातव्या चॅप्टरमध्ये एकही तळटीप नव्हती, कधीच नव्हती. मग वाटलं हे क्रॉस रेफरन्स असतील. अर्धा तास त्यात. मग फॉन्टचा संशय आला म्हणून फ्रेममेकरची मिसिंग फॉन्टची यादी बघितली, तिथेही काही नाही, कारण फॉन्ट मिसिंग नव्हताच, फाइलीने त्याचं नावच टाकून दिलं होतं, पण हे तेव्हा कळलं नाही.

संध्याकाळी काकांचा फोन, उरलेली पानं वाचून झाली होती. "त्या तीनच्या पुढची ओळ नीट वाच रे. ५ मेगावॅट लिहिलंय. इन्सुलेशन रेझिस्टन्स ५ मेगावॅट. ही पंपाची मोटर आहे का वणाकबोरीचं थर्मल पॉवर स्टेशन?" आणि मग, "आणि अर्थिंगच्या तिथे पाउंड लिहिलाय. एक वॅटला पाउंड. इंग्लंडला पाठवतायत का पंप?"

मी हसलो आणि हसता हसता पोटात गोळा आला, कारण मेगावॅट मधला वॅट म्हणजे डब्ल्यू, आणि सिम्बॉल फॉन्टमध्ये ओहम काढायचं तर डब्ल्यूच दाबतात.

आता इथे एक कबुली. मी या धंद्यात यायच्या आधी रावपुऱ्यात एका डीटीपीच्या दुकानात सहा वर्षं काढली आहेत, लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, मंडळाच्या स्मरणिका, सगळं श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये. ज्यांनी ते केलंय त्यांना सांगायला नको. फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली आणि तिथे फॉन्ट नसला की 'कुलदैवत प्रसन्न' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि स्वल्पविरामांचा कचरा दिसायचा, आणि गिऱ्हाईक ओरडायचं की व्हायरस आला. व्हायरस नाही हो, आत मराठी कधी नव्हतीच, आत इंग्रजी नंबरच होते, मराठीचा मुखवटा फॉन्टने घातला होता. मुखवटा काढला की खालचं थोबाड दिसतं. सहा वर्षं मी गिऱ्हाइकांना हेच समजावून सांगत होतो. आणि सिम्बॉल फॉन्ट म्हणजे तोच प्रकार, फक्त ग्रीक मुखवट्याचा. १९८५ च्या पहिल्या लेझररायटर प्रिंटरमध्येही तो होता, युनिकोडची पहिली आवृत्ती यायच्या सहा वर्षं आधी, तेव्हा दुसरा उपायच नव्हता. ज्याने चौथा आणि सातवा चॅप्टर टाइप केला त्याने त्या काळाप्रमाणे बरोबरच केलं होतं. डब्ल्यू टाइप केला, सिलेक्ट केला, फॉन्ट सिम्बॉल केला. दिसायला ओहम, आत डब्ल्यू.

म्हणजे नव्या चॅप्टरमधलं चिन्ह निदान बॉक्स होऊन आरडाओरडा करत आलं. जुन्यातलं सभ्य कपडे घालून आलं. एक्सएमएलमध्ये फॉन्ट नसतो, फक्त एलिमेंट आणि अक्षर असतं, त्यामुळे सेव्ह केलं त्या क्षणी मुखवटा गेला. व्हॅलिडेशनला यात काहीच वावगं दिसणार नव्हतं, कारण ते बघतं की स्टेपमध्ये कमांड आहे का, टेबलात जेवढे कॉलम सांगितलेत तेवढे आहेत का. सेलच्या आत डब्ल्यू आहे का ओहम, हा त्याचा प्रांत नाही.

रात्री तक्ता काढून बसलो. सिम्बॉल फॉन्टमध्ये १७९ नंबरला 'पेक्षा मोठं किंवा समान' हे चिन्ह आहे, आणि विंडोजच्या नेहमीच्या लॅटिन यादीत १७९ नंबरला वर चढलेला छोटा ३. झाली काकांची तळटीप. १६३ नंबरला सिम्बॉलमध्ये 'पेक्षा लहान किंवा समान', लॅटिनमध्ये पाउंड. म्हणजे अर्थिंगचा रेझिस्टन्स एक ओहम किंवा कमी हवा, ते झालं पाउंड एक वॅट. ८७ नंबर डब्ल्यू आणि ओहम. ६८ नंबर डी आणि डेल्टा, त्यामुळे तापमानातला फरक दाखवणारं डेल्टा टी नुसतं 'डीटी' झालं होतं आणि कसलं तरी शॉर्टफॉर्म वाटत होतं. गंमत म्हणजे १७६ ला दोन्हीकडे डिग्री आणि १७७ ला दोन्हीकडे अधिक-उणे. ती दोन चिन्हं योगायोगाने सहीसलामत आली होती, आणि घाईघाईत नजर टाकताना मी नेमकी तीच बघितली असणार, डिग्री सेल्सियस नीट आहे म्हणजे सगळं नीट आहे.

आणि मग यादीत १०९. सिम्बॉलमध्ये म्यू. लॅटिनमध्ये एम.

मायक्रॉन लिहायची पद्धत म्हणजे म्यू आणि त्याला चिकटून एम. म्यूचा एम झाला तर काय होतं? एमएम. मिलिमीटर.

कपलिंगचं अलाइनमेंट, पंप आणि मोटरचे शाफ्ट एका रेषेत हवेत, किती सरकलेले चालतील तर ५० मायक्रॉन. चौथ्या चॅप्टरमध्ये उघडून बघितलं. ५० मिलिमीटर. हजारपट. पाच सेंटिमीटर शाफ्ट सरकला तर कपलिंगचे बोल्टसुद्धा लागणार नाहीत, तेव्हा फिटर त्यावर विश्वास ठेवणार नाही हे मला कळतं, पण त्याच चॅप्टरमध्ये शिमच्या, म्हणजे खाली सारायच्या पातळ पत्र्यांच्या, जाडीचे, बेसप्लेटच्या सपाटीचे आकडेही होते, तिथे दहा-वीसचा आकडा मिलिमीटरमध्ये वाचून कोणाला शंका येईलच असं नाही. मेगावॅट काकांनी पकडला कारण तो हास्यास्पद होता. मिलिमीटर इंजिनियरिंगच्या पुस्तकात दर पानावर वीस वेळा असतो, त्यात कोण बघणार. मी ते पान तीनदा वाचलं होतं.

बायकोने विचारलं काय झालं, चेहरा असा का, म्हणलं फाइंड-रिप्लेस मारायचं का नाही याचा विचार करतोय. ती म्हणाली मार मग. पण मारता येत नव्हतं ना. पॅनलमध्ये ओल धरू नये म्हणून स्पेस हीटर असतो, तो खराखुरा ६० वॅटचा होता. मोटरचं पॉवर रेटिंग खरंखुरं किलोवॅटमध्ये. आकड्यापुढचा प्रत्येक डब्ल्यू ओहम केला तर हीटर ६० ओहमचा होईल आणि मी एका जुन्या चुकीच्या बदल्यात नवीन चूक विकत घेईन. वर चढलेला ३ पण तसाच, डिस्चार्ज घनमीटर प्रति तास मध्ये दिलेला होता, तिथे तो ३ हक्काचा होता. आणि एमएमचं तर बोलायलाच नको. एकटा पाउंड निर्धोक होता, या पुस्तकात पाउंड असायचं काहीच कारण नव्हतं, तो सगळीकडून उडवता आला असता. एक्सएमएलमध्ये मजकूर एकदा गेला की खरा डब्ल्यू आणि मुखवटा काढलेला डब्ल्यू यांच्यात काहीही फरक उरत नाही. फरक सांगणारी एकच जागा होती, मूळ आरटीएफ, कारण तिथे फॉन्टचं नाव अजून लिहिलेलं होतं.

दोन रस्ते होते. एक, आरटीएफमध्येच चिन्हं दुरुस्त करून दोन्ही चॅप्टर परत पहिल्यापासून इम्पोर्ट करायचे. हाच खरा शुद्ध रस्ता आणि कोणी विचारलं तर मी हाच सांगीन. पण त्या दोन चॅप्टरवर माझे तीन दिवसांचे हात लागले होते, टेबलं हाताने बसवली होती, स्टेप तोडून सबस्टेप केल्या होत्या, ते सगळं पाण्यात. दुसरा रस्ता, आरटीएफमधून प्रत्येक सिम्बॉलची यादी काढायची, आजूबाजूच्या वाक्यासकट, आणि एक्सएमएलमध्ये एकेक जागा हाताने गाठायची. मी दुसरा घेतला. यादी लांब निघाली असती तर पहिला घेतला असता.

यादी काढायला वर्डमध्ये फाइंडच्या फॉरमॅटमध्ये फॉन्ट सिम्बॉल देऊन एक छोटं मॅक्रो लिहिलं, सापडेल ते अक्षर आणि त्याच्या आधीचे-नंतरचे चाळीस चाळीस कॅरेक्टर एका टेबलात टाक. इथे एक सांगून ठेवतो, ही युक्ती फक्त हाताने फॉन्ट बदललेल्या अक्षरांना चालते. इन्सर्ट सिम्बॉलने टाकलेली चिन्हं अशी फॉन्टवरून सापडत नाहीत, वर्ड त्यांना आजूबाजूच्याच फॉन्टचं म्हणून दाखवतो, मॅक्रोने विचारलं तर चक्क कंस म्हणून सांगतो. ती शोधायची तर डॉकएक्स म्हणजे मुळात झिप असते, तिचं एक्स्टेन्शन बदलून उघडायची आणि आतल्या डॉक्युमेंटच्या एक्सएमएलमध्ये 'सिम' नावाचा टॅग शोधायचा. माझे नवे चॅप्टर मी तसे परत तपासले, २९ च होते, तेवढं एक बरं झालं.

दोन्ही आरटीएफ मिळून १८६ जागा निघाल्या. त्यात डिग्रीच्या १२ आणि अधिक-उणेच्या २३ आपोआप वाचलेल्या. उरल्या १५१. ओहम ७१, लहान-किंवा-समान ४४, मोठं-किंवा-समान १९, डेल्टा ६, म्यू ११.

सोमवारी संध्याकाळी यादीची प्रिंट घेऊन परत दांडिया बाजार. काका यादी मोठ्याने वाचणार, मी लॅपटॉपवर जागा शोधून बदलणार, मग मी वाचून दाखवणार आणि ते टिक करणार, असं ठरलं. "विंडिंग टू अर्थ, मोठं किंवा समान, पाच मेगा-ओहम." "झालं." "टिक." काकूंनी मधे दोनदा चहा दिला, लाइट एकदा गेली, तेव्हा काका मेणबत्तीत टॉर्क रेंचबद्दल बोलत राहिले. खरं ओहम म्हणून मी ग्रीक ओमेगाचंच कॅरेक्टर सगळीकडे टाकलं, कारण युनिकोडमध्ये ओहमसाठी वेगळाही एक नंबर आहे आणि म्यूचेही दोन आहेत, एक मायक्रो साइन आणि एक ग्रीक म्यू, दिसायला सारखे, पण पुढे कोणी सर्च मारला तर एक सापडतो आणि दुसरा नाही. एका पुस्तकात एकच ठेवायचा, हे तेव्हाच ठरवून स्टाइलगाइडमध्ये लिहिलं.

रात्री साडेदहाला १५० टिक झाल्या. एक राहिली. म्यूची.

यादीत वाक्य होतं, एक्सएमएलच्या चौथ्या चॅप्टरमध्ये ते वाक्यच नव्हतं. काका म्हणाले उडालं असेल. मी म्हणलं काका, आता 'उडालं असेल' हा शब्द मी परत ऐकणार नाही. शोधलं तेव्हा आठवलं, कपलिंगची ती वॉर्निंग तीन ठिकाणी लागत होती म्हणून मी ती वेगळ्या टॉपिकमध्ये काढून ठेवली होती आणि चॅप्टरमध्ये नुसता कॉनरेफ, म्हणजे तिथला मजकूर इथे दाखव असा हवाला. तो वॉर्निंगचा टॉपिक उघडला तर ठळक अक्षरात ५० मिलिमीटर. आणि ती दुसऱ्या चॅप्टरमध्ये आणि मेंटेनन्समध्येही तशीच दिसत होती, म्हणजे जे चॅप्टर मी निर्दोष समजत होतो तिथेही चूक पोचली होती, डॉकएक्सचा काही संबंध नसताना. डिटाचं हेच कौतुक आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, एकदा लिहा तीनदा वापरा. एक जागा बदलली, तिन्ही सुधारल्या, हेही खरं.

मंगळवारी कंपनीत फोन. तिथल्या डॉक्युमेंटेशनच्या बेन शांत बाई आहेत, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "पण तमे चेक तो कर्युं हतुं ने?" केलं होतं बेन. पीडीएफ चेक केली होती, एक्सएमएल व्हॅलिडेट केलं होतं. मधल्या पायरीला जे बदललं ते दोघांच्या मधे पडलं. मग त्यांना आठवलं की चौथा चॅप्टर भाषांतराला गेलाय. मागवला. गुजराती भाषांतर करणाऱ्या बाईंनी ५० मिमी तसंच ठेवलं होतं, त्यांचा काय दोष. पण अर्थिंगच्या ओळीला त्यांनी मार्जिनमध्ये कॉमेंट टाकली होती, 'पाउंड राखवुं?' म्हणजे पाउंड ठेवायचा का. ही कॉमेंट माझा रविवार उजाडायच्या चार दिवस आधीची होती. ती कोणीही उघडली नव्हती. बेननी भाषांतराचा दुसरा फेरा स्वतःच्या बजेटमधून केला, मी माझे दोन दिवस बिलात लावले नाहीत, कोणी कोणाला मेल लिहिली नाही, बडोद्यात कामं अशी निस्तरतात.

त्यानंतर माझ्या कामाच्या पद्धतीत दोन-तीन गोष्टी बदलल्या. इम्पोर्टच्या आधी प्रत्येक फाइलमध्ये सिम्बॉल आणि विंगडिंग्ज हे दोन फॉन्ट शोधतो, आणि सापडलेल्या अक्षरांना आधी एक नाव असलेली कॅरेक्टर स्टाइल लावतो, मुद्दाम भडक गुलाबी रंगाची. नाव मिळालं की कन्व्हर्जन टेबलला ती 'सी' कोलनने दिसते आणि मी तिला एका तात्पुरत्या एलिमेंटमध्ये गुंडाळतो. तो एलिमेंट डिटामध्ये नाहीच, म्हणून व्हॅलिडेट मारलं की लाल होतो. म्हणजे जी चूक गप्प बसायची तिला मी बोलायला लावतो. जिथे एखाद्या गिऱ्हाइकाची सगळी जुनी पुस्तकं अशीच आहेत तिथे रीड-राइट रूल्समध्येच, म्हणजे एक्सएमएल वाचताना-लिहिताना फ्रेममेकर पाळतो त्या नियमांत, लिहून ठेवता येतं की अमुक फॉन्टमधला तमुक नंबर म्हणजे अमुक चिन्ह, पण ते एकेकाळचं, एसजीएमएल या एक्सएमएलच्या पूर्वजाच्या जमान्यातलं कलम आहे आणि एकाच पुस्तकासाठी तो खटाटोप मला जड वाटतो.

दुसरं, एक्सएमएल तयार झालं की अक्षरांची हजेरी घेतो. छोटी स्क्रिप्ट, फाइलीत कुठलं कॅरेक्टर किती वेळा आलं याची यादी. ए ते झेड बघायचंच नाही, खाली शेपटाकडे बघायचं. ही हजेरी नंतर चौथ्या आणि सातव्या चॅप्टरच्या जुन्या, न सुधारलेल्या एक्सएमएलवर चालवून बघितली, त्यात पाउंड ४४ वेळा होता आणि ओहम एकदाही नाही. पंपाच्या टेस्टिंगच्या चॅप्टरमध्ये एकही ओहम नाही. दहा सेकंदाचं काम होतं. म्यू मात्र या हजेरीतही पकडला गेला नसता, कारण एम अधिक झाले हे एमच्या गर्दीत कसं दिसणार, त्याला गुलाबी रंगच पाहिजे.

आणि तिसरं, ओके झालेली पीडीएफ आणि एक्सएमएलमधून निघालेली पीडीएफ शेजारी शेजारी कम्पेअर केल्याशिवाय काही पाठवत नाही. कम्पेअरमध्ये पानं हलल्यामुळे हजार फालतू फरक दाखवतो, डोकं उठतं, तरी करतो.

सुधारलेला सातवा चॅप्टर पुढच्या रविवारी काकांना दिला. बावीस पानं, परत पेन्सिल. या वेळी उसळ गरम असतानाच खाल्ली, तेव्हा मला वाटलं सगळं पास. निघताना पान हातात दिलं, एक गोल होताच. पॅनलचा स्पेस हीटर, ६० वॅट.

"हा खरंच वॅट आहे का रे?"

"हो काका, हा खरंच वॅट आहे."

"बघ हं."

घरी येऊन हीटरच्या नेमप्लेटचा फोटो उघडून बघितला.